पाठिंब्याच्या प्रश्नावर फुटलेला पक्ष

सोव्हिएत संघाच्या विसर्जनानंतर युरोपातील कम्युनिस्ट पक्षांची जी शकले झाली, त्यांच्याविषयी लिहिताना एक स्पष्टीकरण इतक्या सहजपणे पुढे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला फारशी वाटत नाही. कम्युनिस्टांना फुटण्याची खोडच असते, तत्त्वाच्या एखाद्या शब्दावरून ते वेगळी चूल मांडतात, आणि मॉस्कोचा धाक व आधार दोन्ही गेल्यावर त्यांना बांधून ठेवणारे काही उरलेच नाही, असे हे स्पष्टीकरण आहे. इटलीतील ‘रिफोंदात्सिओने कोमुनिस्ता’ या पक्षाला ते वरवर पाहता अगदी चपखल बसते, कारण हा पक्ष स्वतःच एका मोठ्या पक्षाच्या फुटीतून १९९१ साली जन्मला आणि पुढच्या अठरा वर्षांत अनेकदा ठळकपणे फुटला. परंतु या फुटींची कारणे जवळून पाहिली, तर त्यांपैकी एकही फूट स्टालिन, ट्रॉट्स्की किंवा सोव्हिएत अनुभवाचा अर्थ यांवरून झाली नव्हती असे दिसते. जवळजवळ प्रत्येक वेळी वादाचा मुद्दा एकच होता: सरकारला पाठिंबा द्यायचा की नाही, द्यायचा तर बाहेरून की आत बसून, आणि कोणत्या किमतीला. हा प्रश्न या पक्षाच्या जिवावर का उठला याचे उत्तर पक्षाच्या तत्त्वज्ञानात सापडत नाही. ते शोधावे लागते पक्षाच्या पायाखालच्या जमिनीत, म्हणजे संसदेबाहेर त्याला उभे राहायला जागा किती होती यात.

इटालियन कम्युनिस्ट पक्षाची स्थापना जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नो येथे झाली. मुसोलिनीच्या तुरुंगात ज्यांनी आपल्या वह्या लिहिल्या आणि ज्यांचे नाव मराठी वाचकांनाही परिचयाचे आहे ते अंतोनियो ग्राम्शी त्याच्या संस्थापकांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धानंतर हा पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष ठरला; १९७६ च्या निवडणुकीत त्याला ३४.४ टक्के मते मिळाली. या बळाचे रहस्य मतपेटीपेक्षा गावागल्लीत होते. एमिलिया, तोस्काना आणि उंब्रिया या ‘लाल पट्ट्या’त पक्षाच्या शाखा, सहकारी संस्था, नगरपालिका आणि ‘कासा देल पोपोलो’ म्हणजे ‘लोकांचे घर’ या नावाची वास्तू यांचे दाट जाळे होते. या घरात संध्याकाळी कामगार पत्ते खेळत, वर्तमानपत्र वाचत, मुलांसाठी वर्ग चालत आणि संपाच्या काळात शिधाही जमवला जाई. देशातील सर्वांत मोठी कामगार संघटना ‘चीजीएल’ हिच्यात कम्युनिस्टांचा वरचष्मा होता. एखाद्या निवडणुकीत मते घटली, एखाद्या कायद्यावर माघार घ्यावी लागली, तरी हे जाळे शाबूत राही. त्यामुळे पराभवाचे दुःख होई, पण पक्ष मोडत नसे.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबर १९८९ रोजी, पक्षाचे सरचिटणीस अकिल्ले ओक्केत्तो यांनी बोलोन्या शहरातील बोलोनीना या वस्तीत भाषण करताना पक्षाचे नावही बदलू शकते असे सूचित केले. पुढचे चौदा महिने शाखाशाखांतून जो वाद चालला, तो इटलीतील अनेक कुटुंबांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. ३ फेब्रुवारी १९९१ रोजी रिमिनी येथील अधिवेशनात जुना पक्ष विसर्जित झाला आणि ‘डाव्यांचा लोकशाही पक्ष’ अस्तित्वात आला, ज्याच्या ओक वृक्षाच्या चिन्हाच्या मुळाशी जुना विळा-हातोडा लहान आकारात ठेवलेला होता. हा निर्णय न मानणाऱ्यांनी वेगळी वाट धरली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात औपचारिक रीत्या नवा पक्ष स्थापन केला. ‘रिफोंदात्सिओने’ या शब्दाचा अर्थ पाया पुन्हा घालणे असा आहे. जुन्या वास्तूची डागडुजी त्यात अभिप्रेत नव्हती, जुनी जशीच्या तशी उभी करणे तर नव्हतेच.

या नव्या घरात जे राहायला आले ते एका विचाराचे नव्हते, आणि ते तसे नव्हते हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. आर्मांदो कोसुत्ता हे सोव्हिएत संघाचे खंदे समर्थक. पोलंडमधील लष्करी कायद्यानंतर डिसेंबर १९८१ मध्ये जुन्या पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस एन्रिको बेर्लिंग्वेर यांनी ऑक्टोबर क्रांतीची प्रेरकशक्ती संपुष्टात आल्याचे म्हटले, तेव्हा कोसुत्तांनी त्याला उघड विरोध केला होता. पहिले सरचिटणीस सेर्जियो गाराविनी कामगार चळवळीतून आलेले आणि मॉस्कोच्या बाबतीत कोसुत्तांच्या नेमके उलट मताचे होते. लूचो माग्री आणि लूचाना कास्तेल्लिना यांना तर १९६९ मध्ये ‘इल मानिफेस्तो’ हे नियतकालिक काढल्याबद्दल जुन्या पक्षाने बाहेर काढले होते. त्यांत १९९१ च्या जूनमध्ये ‘देमोक्रात्सिया प्रोलेतारिया’ हा साठ-सत्तरच्या दशकातील नवडाव्यांचा छोटा पक्ष विलीन झाला आणि त्याच्याबरोबर लिव्हियो माइतान यांच्यासारखे ट्रॉट्स्कीवादीही आले. फुटीचे कारण तत्त्वभेद हेच असते, तर हा पक्ष पहिल्या सहा महिन्यांतच फुटायला हवा होता. तो तेव्हा फुटला नाही. मॉस्कोनिष्ठ आणि मॉस्कोविरोधी एका टेबलाशी बसून पत्रके लिहीत राहिले, ही गोष्ट प्रचलित स्पष्टीकरणाच्या विरोधातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

या पक्षाला वारशात काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याकडे मात्र अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. माणसे मिळाली, सभासदसंख्या पहिल्याच वर्षी एक लाखाच्या वर गेली. मते मिळाली; १९९२ मध्ये ५.६ टक्के. परंतु इमारती, सहकारी संस्थांवरील वजन, नगरपालिकांतील पदे आणि ‘चीजीएल’चे नेतृत्व यांचा फार मोठा हिस्सा ओक वृक्षाच्या पक्षाकडे राहिला. जुन्या पक्षाला १९८७ मध्ये २६.६ टक्के मते होती. १९९२ मध्ये नव्या लोकशाही पक्षाला १६.१ टक्के मिळाली, म्हणजे दोन्ही वारसदारांची बेरीज केली तरी जवळजवळ पाच टक्के मतदार वाटेत कुठेतरी गळाले होते. हे गळालेले मतदार परत आणायचे, तर वस्तीवस्तीत नवी घरे उभारावी लागली असती, तात्पुरत्या करारावर राबणाऱ्या तरुणांची संघटना बांधावी लागली असती, आणि त्यासाठी दहा-वीस वर्षांचा चिवटपणा लागला असता. पाया पुन्हा घालणे म्हणजे नेमके हेच काम होते. ते सुरू होण्याआधीच निवडणुकीच्या नव्या कायद्याने पक्षाला दुसऱ्याच मैदानात ओढून नेले.

इटलीत १९९३ पर्यंत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत होती, म्हणजे जितकी मते तितक्या जागा. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनी जुनी पक्षव्यवस्था कोसळत असताना एप्रिल १९९३ चे सार्वमत झाले आणि त्यानंतर आलेल्या कायद्याने संसदेच्या तीन चतुर्थांश जागा एकसदस्य मतदारसंघांतून, म्हणजे आपल्याकडच्या लोकसभेसारख्या पद्धतीने, भरायच्या ठरवल्या. सहा-आठ टक्क्यांच्या पक्षाला अशा मतदारसंघात एकट्याने लढणे आत्मघातकी होते आणि युती केली की सरकारची जबाबदारी गळ्यात पडत होती. पक्षात वेगवेगळ्या विचारांचे जे प्रवाह होते त्यांना ‘मोत्सिओने’, म्हणजे अधिवेशनात मांडलेला स्वतंत्र दस्तऐवज, या रूपाने मान्यता होती आणि मिळालेल्या मतांच्या प्रमाणात पदे वाटली जात. २००५ च्या व्हेनिस अधिवेशनात असे पाच दस्तऐवज होते आणि नेतृत्वाच्या दस्तऐवजाला सुमारे ५९ टक्के मते पडली. मतभेद मोजून सामावून घेणारी ही रीत खरे तर लोकशाहीला साजेशी होती. पण विश्वासदर्शक ठरावावर खासदाराला ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच म्हणता येते, तिथे ५९ टक्के ‘हो’ म्हणण्याची सोय नसते. पक्षांतर्गत बहुविधता आणि संसदीय मतदानाची ही दुधारी सक्ती यांच्या कात्रीत पक्ष सापडला.

पहिला घाव १९९५ मध्ये बसला. उजव्या आघाडीचे नेते बेर्लुस्कोनी यांचे पहिले सरकार पडल्यावर माजी बँक अधिकारी लांबेर्तो दिनी यांचे तज्ज्ञांचे सरकार आले. त्याला वाचवले नाही तर बेर्लुस्कोनी परततील या भीतीने पक्षातील काही खासदारांनी पक्षादेश मोडून मतदान केले आणि जूनमध्ये ते वेगळे झाले. त्यांत गाराविनी, माग्री आणि कास्तेल्लिना होते, म्हणजे पक्षाचा पहिला सरचिटणीसच पक्षाबाहेर पडला. दुसरा घाव यापेक्षा फार खोल होता. १९९६ च्या निवडणुकीत पक्षाला ८.६ टक्के मते आणि प्रतिनिधिगृहात ३५ जागा मिळाल्या, ही त्याच्या इतिहासातील सर्वोच्च कमाई. रोमानो प्रोदी यांच्या मध्यममार्गी-डाव्या ‘ऑलिव्ह’ आघाडीला स्पष्ट बहुमत नव्हते आणि त्यांचे सरकार रिफोंदात्सिओनेच्या बाहेरून पाठिंब्यावर उभे राहिले.

प्रोदी सरकारपुढचे पहिले ध्येय युरो चलनात प्रवेश मिळवण्याचे होते आणि त्यासाठी अर्थसंकल्पीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत आणावी लागणार होती. ज्या पक्षाचे सरचिटणीस फाउस्तो बेर्तिनोत्ती हे महागाई भत्त्यासारख्या ‘स्काला मोबिले’ या व्यवस्थेच्या बचावासाठी कामगार संघटनेत लढले होते, त्या पक्षाला आता खर्चकपातीच्या अंदाजपत्रकांवर हात वर करावे लागले. १९९७ चा १९६ क्रमांकाचा कायदा, ज्याने एजन्सीमार्फत तात्पुरते कामगार पुरवण्याची पद्धत इटलीत प्रथमच कायदेशीर केली, तो याच पाठिंब्याच्या काळात संमत झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पक्षाने अंदाजपत्रकावर पाठिंबा काढला, सरकार कोसळण्याच्या बेतात आले, आणि आठवडाभरात तडजोड झाली: कामाचा आठवडा ३५ तासांचा करणारा कायदा आणला जाईल असे आश्वासन सरकारने दिले. कामगारांना सांगण्यासारखी पक्षाची ही एकमेव मोठी कमाई होती आणि ती आश्वासनाच्या स्वरूपात होती. वर्षभरात ती कायद्यात उतरली नाही. मे १९९८ मध्ये युरोप्रवेश निश्चित झाल्यावर आता तरी सामाजिक खर्चाची पाळी येईल अशी बेर्तिनोत्तींची अपेक्षा होती. पुढच्या अंदाजपत्रकाने ती धुळीला मिळवली आणि त्यांनी पाठिंबा काढण्याचे ठरवले. कोसुत्ता विरोधात गेले. ९ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रोदी विश्वासदर्शक ठरावावर ३१२ विरुद्ध ३१३ असे एका मताने हरले. दोन दिवसांत कोसुत्तांनी ‘इटालियन कम्युनिस्टांचा पक्ष’ स्थापन केला. बहुतांश खासदार त्यांच्याबरोबर गेले, बहुतांश सभासद बेर्तिनोत्तींबरोबर राहिले.

या फुटीतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. सोव्हिएत परंपरेचा कडवा वारसदार म्हणून ज्याची ओळख होती तो कोसुत्तांचा गट सरकारात गेला, प्रोदींनंतर आलेल्या मास्सिमो दालेमांच्या मंत्रिमंडळात त्याला मंत्रिपदे मिळाली, आणि १९९९ च्या वसंतात नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली व तिच्यासाठी इटलीचे तळ वापरले गेले, तेव्हाही तो सरकारातच राहिला. याउलट सोव्हिएत वारशाबद्दल कमालीचा टीकाकार असलेला बेर्तिनोत्तींचा गट रस्त्यावर उतरला. तत्त्वाच्या कडवेपणावरून कोण तडजोड करील आणि कोण करणार नाही हे ओळखता येत नाही, हा धडा या घटनेइतका स्वच्छपणे क्वचितच मिळतो. दोघांपैकी बरोबर कोण, याचा निर्णय द्यायचा झाल्यास बेर्तिनोत्तींच्या कारणांना अधिक वजन द्यावे लागेल, कारण दिलेला शब्द सरकारनेच पाळला नव्हता. पण सरकार पाडल्यानंतरच्या दिवशी काय करायचे याची कोणतीही तयारी त्यांच्याजवळ नव्हती. ज्या कारखान्यांच्या नावाने पाठिंबा काढला, त्या कारखान्यांत त्या निर्णयाच्या समर्थनार्थ संप घडवून आणण्याचे बळ पक्षात नव्हते. १९९९ च्या युरोपीय निवडणुकीत त्याची मते ४.३ टक्क्यांवर आली आणि कोसुत्तांच्या पक्षाला २ टक्के मिळाली.

नंतरची काही वर्षे आशेची होती. जुलै २००१ मध्ये जेनोवा येथे श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेविरुद्ध जो प्रचंड निषेध झाला, त्यात पक्ष तरुण संघटनांच्या खांद्याला खांदा लावून होता. अहिंसेवर, स्त्रीवादावर, सोव्हिएत सत्तेच्या चुकांवर त्याने मोकळी चर्चा केली, आणि पाया नव्याने घालण्याच्या सर्वांत जवळ तो याच काळात पोहोचला होता. २००३ मध्ये लहान कारखान्यांतील कामगारांनाही अन्याय्य बडतर्फीपासून संरक्षण मिळावे यासाठी त्याने सार्वमत घडवून आणले. एक कोटीहून अधिक लोकांनी ‘हो’ म्हटले, परंतु मतदान सुमारे २५.७ टक्केच झाल्याने ५० टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही व सार्वमत निष्फळ ठरले. एक कोटी मते आणि पाच टक्क्यांचा पक्ष यांतील हे अंतर भरून काढण्यासाठी पुढची दहा वर्षे खर्च करायला हवी होती. तीन वर्षांनी पक्ष पुन्हा मंत्रालयाच्या दारात उभा होता.

२००६ मध्ये प्रोदींच्या दुसऱ्या सरकारात पक्ष प्रथमच आत बसला. बेर्तिनोत्ती प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले, पाओलो फेर्रेरो मंत्री झाले. सरकारप्रवेशाला विरोध करणारा मार्को फेर्रांदो यांचा ट्रॉट्स्कीवादी गट लगेच बाहेर पडला. फेब्रुवारी २००७ मध्ये परराष्ट्र धोरणावरील सिनेटच्या मतदानात सरकारला आवश्यक १६० ऐवजी १५८ मते पडली. अफगाणिस्तानातील सैन्य आणि व्हिचेंझा येथील अमेरिकी तळाचा विस्तार मान्य नसलेले पक्षाचे सिनेटर फ्रांको तुरिल्यात्तो यांनी सरकारच्या बाजूने मत दिले नव्हते. काही दिवसांपूर्वीच त्याच तळाविरुद्ध व्हिचेंझात निघालेल्या मोर्चात पक्षाचे झेंडे होते. पक्षाने तुरिल्यात्तोंवर कारवाई केली आणि त्यांचा गटही वर्षअखेरीस वेगळा झाला. पक्षाच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांनी रस्त्यावर जे मागितले तेच सभागृहात मागणाऱ्या सदस्याला शिक्षा करण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, तिच्यात दोष त्या सदस्याच्या हट्टात शोधणे अन्यायाचे आहे.

जानेवारी २००८ मध्ये प्रोदी सरकार १५६ विरुद्ध १६१ असे पडले, आणि ते पाडले ते क्लेमेंते मास्तेल्ला यांच्या छोट्या मध्यममार्गी पक्षाने. कम्युनिस्टांनी अवघी कारकीर्द कडू घोट गिळून सरकार टिकवले, तरी किंमत त्यांनीच चुकवली. एप्रिलमध्ये रिफोंदात्सिओने, कोसुत्तांनी स्थापलेला पक्ष, ग्रीन पक्ष आणि ‘लोकशाही डावे’ हा गट यांनी विळा-हातोडा बाजूला ठेवून ‘इंद्रधनुष्य’ या नावाने निवडणूक लढवली. यांपैकी पहिल्या तिघांना २००६ मध्ये मिळून सुमारे १० टक्के मते होती. या वेळी चौघांना ३.१ टक्के मिळाली आणि ४ टक्क्यांची अट न ओलांडल्याने एकही जागा मिळाली नाही. युद्धोत्तर इटलीच्या संसदेत प्रथमच एकही कम्युनिस्ट उरला नाही. जुलैमधील कियांचानोच्या अधिवेशनात फेर्रेरोंनी पुलियाचे प्रांताध्यक्ष निकी व्हेंदोला यांच्यावर थोडक्या फरकाने मात केली आणि जानेवारी २००९ मध्ये व्हेंदोलांनीही वेगळी वाट धरली. फेर्रेरोंनी मग खालून बांधणीची भाषा केली, महागाईने गांजलेल्यांसाठी सामूहिक खरेदीचे गट सुरू केले. हे काम योग्यच होते, पण ते सतरा वर्षे उशिरा सुरू झाले, जेव्हा पैसा, वर्तमानपत्र आणि माणसे तिन्ही हातून निसटत होती. पक्षाचे ‘लिबेरात्सिओने’ हे दैनिक २०११ अखेर छापील रूपात बंद पडले.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की सरकारला पाठिंबा देणारे सगळेच डावे पक्ष मते गमावतात, मग जमिनीचा मुद्दा कशाला आणायचा. आक्षेपात तथ्य आहे. पोर्तुगालच्या कम्युनिस्ट पक्षाने २०१५ पासून समाजवादी सरकारला बाहेरून पाठिंबा दिला आणि त्याची मते सुमारे ८ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत साडेचारच्याही खाली गेली. भारतात २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या आणि जुलै २००८ मध्ये, रिफोंदात्सिओनेच्या पाडावानंतर तीनच महिन्यांनी, अणुकराराच्या प्रश्नावर तो काढून घेणाऱ्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या लोकसभेतील जागा ४३ वरून १६ वर आल्या. परंतु हे दोन्ही पक्ष या प्रश्नावर फुटले नाहीत. पोर्तुगीज पक्षामागे कामगार संघटना आणि नगरपालिका होत्या, भारतीय पक्षामागे किसान सभा, कामगार संघटना आणि तेव्हा तीन राज्यांतील सत्ता होती. ग्रीसच्या कम्युनिस्ट पक्षाने या काळात सरकारांना दूर ठेवले आणि १९९९ पासून स्वतःची कामगार आघाडी बांधली. त्याची पोथीनिष्ठता अनेकांना खटकते, पण तो टिकला तो पोथीमुळे नव्हे, गोदीतल्या आणि बांधकामावरच्या त्याच्या माणसांमुळे. ज्या पक्षाला संसदेबाहेर घर असते त्याला संसदेतील चूक महागात पडते. ज्याला नसते त्याला ती चूक आणि बरोबर निर्णय, दोन्ही सारखेच जीवघेणे ठरतात. १९९८ मध्ये पाठिंबा काढून रिफोंदात्सिओने फुटला आणि २००७ मध्ये पाठिंबा टिकवूनही फुटला, हे त्यामुळेच.

म्हणून या पक्षाच्या नेत्यांच्या भांडखोरपणावर बोट ठेवून मोकळे होणे हा त्या लाखभर माणसांवर अन्याय आहे, ज्यांनी १९९१ च्या हिवाळ्यात नवे सभासदपत्र घेतले ते खुर्चीसाठी नव्हे, तर कारखान्यात आणि घरभाड्याच्या ओझ्याखाली आपल्या बाजूने बोलणारे कुणीतरी उरावे यासाठी. त्यांना दिलेला शब्द पाया घालण्याचा होता आणि त्यांचे आयुष्य पाठिंब्याच्या वाटाघाटींत खर्ची पडले. त्या वाटाघाटींचे फलित कायद्याच्या पुस्तकात पाहता येते. ३५ तासांचा कायदा कधीच झाला नाही. पाठिंब्याच्या काळात संमत झालेल्या १९९७ च्या ज्या कायद्याने तात्पुरत्या मजुरीला दार उघडले, त्याच कायद्याने कामाचा सर्वसाधारण आठवडा ४० तासांचा ठरवला, आणि इटलीत तो आजही ४० तासांचाच आहे.